पूर्वसंमतीची तारीख आणि मुलाची नोकरी

नमस्कार भाऊ,

यावल तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलगा बी.कॉम. झाला. शेतकरी उत्पादक कंपनी अनुदानातून केळीचं पॅकहाऊस (माल निवडून पेट्यांत भरण्याची जागा) उभारतेय आणि तिथे त्याला प्रकल्पाचा हिशेब ठेवायची नोकरी मिळतेय. तुम्ही विचारता, तीन वर्षं शिकून पावत्याच चिकटवायच्या तर बँकेच्या परीक्षांची तयारी काय वाईट?

परीक्षा त्याने जरूर द्याव्यात. पण ही नोकरी सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

ठिबक अनुदानावर घेतल्याचं तुम्हीच लिहिलंय. तेव्हाचा क्रम आठवा. आधी अर्ज, मग पूर्वसंमती म्हणजे खरेदीआधीची सरकारी मंजुरी, त्यानंतर खरेदी, बिल, मोका तपासणी (शेतावर येऊन केलेली पाहणी) आणि शेवटी खात्यात पैसे. संच शेतात चालू असला तरी बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची निघाली की प्रकरण अडतं. पॅकहाऊसच्या प्रत्येक रुपयामागे हाच क्रम मुलाला जुळवायचा आहे. अंदाजपत्रकातली बाब कोणती, दरपत्रकं कोणाची, संचालक मंडळाचा ठराव कधीचा, मालासोबत आलेलं चलन, बिल, साठा नोंदवही, बँकेतून गेलेली रक्कम. यातला एक कागद जरी नसला तरी उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे अनुदान ठरल्या कामावरच खर्च झालं या दाखल्यावर, सही करताना सीएचा हात थांबतो आणि अनुदानाचा पुढचा हप्ताही थांबतो.

मार्गदर्शनाच्या कामात येण्याआधी मी एका संस्थेचा हिशेब पाहायचो. गावोगावी प्रशिक्षणं खरोखर झाली होती. पण हजेरीपत्रकं एका कार्यकर्त्याच्या घरी राहिली आणि पावसाळ्यात भिजली. शेवटचा हप्ता आलाच नाही. दोन सहकाऱ्यांचे पगार त्यात अडकले. त्यांच्या घरचे दिवस मी पाहिलेत. म्हणून मुलाला माझा निरोप द्या, ज्या दिवशीचा खर्च, त्याच दिवशी व्हाउचर. पेट्रोल पंपाच्या पावतीवरची अक्षरं काही महिन्यांत उडतात, तिची झेरॉक्स लगेच काढून जोडायची. बँक ताळमेळ, म्हणजे आपली वही बँकेच्या खात्याशी जुळवणं, दर महिन्याला, मार्चची वाट न पाहता.

नियमही त्याला इथेच अंगवळणी पडतील. एकाच व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर आयकरात तो खर्च सहसा धरत नाहीत. कंपनीला हिशेबाची पुस्तकं 8 आर्थिक वर्षं जपावी लागतात. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे. त्यामुळे कोणी मागची तारीख टाकायला सांगितलं, तर त्याने नम्रपणे पण ठाम नकार द्यावा. तुम्ही घरून त्याच्या पाठीशी राहा, कारण नव्या पोराला एकट्याने नाही म्हणणं फार जड जातं.

सोबत जी.डी.सी. अँड ए. ही शासनाची सहकार व लेखा पदविका करता येईल. झेपलं तर सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटचा अभ्यासक्रम. बांधकाम ठेकेदाराकडे मोजमाप पुस्तिका आणि रनिंग बिलं (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिलेली बिलं) जुळवायलाही असाच माणूस लागतो. त्यामुळे हे शिकलेलं कुठे वाया जाणार नाही.

रुजू होण्याआधी त्याने एक विचारून घ्यावं: प्रकल्पासाठी वेगळं बँक खातं आहे का, आणि त्यावर सह्या कोणाच्या? खातं नसेल, तर ते उघडण्याचा ठराव पुढच्याच बैठकीत घ्या, अशी विनंती त्याने पहिल्याच आठवड्यात लेखी द्यावी.