वादळात छोट्या शिडाच्या बोटीची सगळी शिडं उतरवून स्वस्थ बसावं का?

तुमची बोट २६ फुटी आहे आणि वादळात सापडलात तर शिडं उतरवून, आत बसून वारा जाऊ द्यायचा असा तुमचा विचार आहे. तो पुरेसा नाही. शिडं कमी करायलाच हवीत, पण मोकळी सोडलेली बोट बहुधा लाटांना आडवी होते, आणि छोट्या बोटीचा खरा घात तिथेच होतो.

आधी वाऱ्याचं बघू. वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. म्हणजे १५ नॉट (ताशी सागरी मैल) वाऱ्याला छान चालणाऱ्या बोटीवर ३० नॉटला चार बोटींचा भार येतो. एकदा मे महिन्यात, मुंबई बंदरात, पाण्यावरून जोराच्या वाऱ्याचा काळपट पट्टा सरकत येताना मला स्पष्ट दिसत होता. अजून पाच मिनिटं आहेत म्हणून मी शीड लहान केलं नाही. तो पोचला तेव्हा बोट इतकी कलली की सुकाणू पाण्याबाहेर येऊ लागलं आणि ती माझं ऐकेनाशी झाली. शिडाचा दोर सोडून दिला तेव्हा कुठे ती उभी राहिली. तेव्हापासून रीफ घ्यावी का, म्हणजे शीड गुंडाळून लहान करावं का, असं मनात आलं की मी लगेच घेतो. उशीर झाला की तेच काम दसपट अवघड होतं.

तरीही कील (तळाला वजनदार पातं) असलेली बोट नुसत्या वाऱ्याने सहसा पालथी होत नाही. ती कलली की शिडावरचा वारा निसटतो आणि तळाचं वजन तिला परत उभं करतं. तिला पालथं घालते ती फुटणारी लाट. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या, वाटेत वादळाने गाठलं आणि १५ स्पर्धक दगावले. त्यानंतर इंग्लंडमध्ये टाकीत नमुना-बोटींवर चाचण्या झाल्या. बोटीच्या लांबीच्या साधारण ३० टक्के उंचीची फुटणारी लाट बाजूने बसली तर बोट उलटू शकते, असं त्यांत दिसलं. तुमच्या बोटीसाठी ही उंची जेमतेम अडीच मीटर होते.

म्हणून सगळा खटाटोप नाळ (बोटीचं पुढचं टोक) किंवा मागची बाजू लाटेकडे ठेवण्याचा. वारा झेपण्याजोगा असेल तर हीव्ह टू करा: पुढचं छोटं शीड उलट्या बाजूला ताणायचं, मागचं अगदी लहान ठेवायचं आणि सुकाणू बांधून टाकायचं. बोट वाऱ्याला तिरकी राहून हळूहळू सरकते, आणि आतला हलकल्लोळ एकदम कमी होतो. ही गोष्ट चांगल्या हवेत दहा वेळा करून बघा, कारण प्रत्येक बोटीचा स्वभाव वेगळा असतो.

वारा त्यापलीकडे गेला तर वाऱ्याकडे पाठ करून पळायचं, पण वेग आवरून. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता ३१२ दिवसांत जगाला फेरी मारून आला, ती ३२ फुटी 'सुहेली' आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली. दक्षिणेच्या वादळांत तो मागून एक लांबलचक दोर सोडायचा, दोन्ही टोकं बोटीला बांधून. त्या ओढीमुळे बोट लाटेवरून सुसाट घसरत नसे आणि आडवीही होत नसे. आज त्यासाठी ड्रोग, म्हणजे मागून ओढत न्यायची अडसरं, मिळतात. मला लांब दोरावर शंभरेक छोटे कापडी शंकू ओवलेला जॉर्डन ड्रोग सगळ्यात भरवशाचा वाटतो.

मात्र पळायला जागा हवी. आपल्याकडे पावसाळी वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो, म्हणजे कोकणात पळालात तर खडकांवरच जाणार. अंदाज बिघडतोय असं दिसलं तर निघूच नका.

आणि बोट तरंगत असेतो ती सोडू नका. फास्टनेटमध्ये लोकांनी २४ बोटी सोडल्या. त्यांतल्या १९ नंतर तरंगत्या सापडल्या. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात, एकट्याने जगाला फेरी मारण्याच्या शर्यतीत, भारतीय खलाशी अभिलाष टॉमींच्या 'थुरिया'ची, गोव्यात बांधलेल्या 'सुहेली'च्या प्रतिकृतीची, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. तीन दिवसांनी फ्रेंच जहाज पोचलं, तेव्हा ते त्याच बोटीत आडवे पडून होते.