वाचकांचे प्रश्न : बाई वात्रट, विनोद बेताचा

प्रश्न : 'बॅड टीचर' हा हॉलिवूडचा सिनेमा पाहिला. बाई वर्गात झोपतात, मुलांना सिनेमे लावून देतात, परीक्षेचा पेपरही पळवतात. सुरुवातीला हसलो, नंतर कंटाळा आला. असं का झालं? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : कारण कॅमेरॉन डियाझच्या एलिझाबेथ हॅल्सीला कशाचीच किंमत मोजावी लागत नाही. गाड्या धुऊन जमवलेले शाळेचे पैसे ढापले, गुणांसाठी पालकांकडून पाकिटं घेतली, उत्तर चुकलं की मुलांना चेंडू फेकून मारला, तरी पुढच्या दृश्यात सगळं जिथल्या तिथे. विनोदी पात्राने वात्रटपणा खुशाल करावा, पण प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा जास्त अडकलं पाहिजे. तसं झालं नाही की 92 मिनिटांत नुसते सुटे किस्से उरतात.

मधला टप्पा त्यामानाने चांगला आहे. राज्याच्या चाचणीत ज्याचा वर्ग पहिला येईल त्या शिक्षकाला 5,700 डॉलर मिळणार, हे कळल्यावर बाई पहिल्यांदा शिकवायला उभ्या राहतात. मुलांचे गुण काही वाढत नाहीत, म्हणून पत्रकार असल्याची बतावणी करून पेपर मिळवतात. इथे काय हवंय ते ठरलेलं आहे, मुदत आहे आणि आडवी यायला सहशिक्षिका एमी स्क्विरल आहे. लूसी पंचने रंगवलेली ही एमी म्हणजे सिनेमातलं सगळ्यात नेमकं काम. तिचा संशय खराच असतो, आणि दुसऱ्या शाळेत रवानगी होते ती तिचीच! हा कडवटपणा शेवटपर्यंत टिकवायला हवा होता. दिग्दर्शक जेक कॅझ्डन मात्र शेवटी बाईंना समुपदेशक करून मोकळे होतात. सहलीत एका मुलाला दिलेला आधार एवढीच त्या बदलाची तयारी, ती फार अपुरी पडते.

प्रश्न : मग तो एवढा चालला कसा? (कोपरखैरणे)

उत्तर : स्वस्तात झाला म्हणून. खर्च सुमारे 2 कोटी डॉलर, जगभरची कमाई 21 कोटींच्या वर. बहुतेक गोष्ट एका शाळेत घडते, नावावरून विषय कळतो आणि पोस्टरवर मोठी नटी. जून 2011 मध्ये एवढं पुरलं. त्यावरून 2014 साली आलेली मालिका मात्र लगेच गुंडाळली गेली.

प्रश्न : अशाच एका शिक्षकावर आम्ही 40 मिनिटांची एकांकिका बसवतोय. हेच कथानक ठाण्यात आणता येईल का? (कळवा)

उत्तर : जसंच्या तसं नको. ते 5,700 डॉलरचं बक्षीस आपल्या शाळेत पटणार नाही. दहावीचा पेपर फोडायचा म्हटलं तर 1982 चा परीक्षा गैरप्रकार प्रतिबंधक कायदा आणि पोलीस येतात, आणि नाटक गुन्हेकथेकडे वळतं. लहान पाप शोधा.

एक तयारच आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 28 नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. तुमचा नायक शिक्षण सेवक, म्हणजे सुरुवातीला ठरावीक मानधनावर नेमलेला शिक्षक, ठेवा. माध्यमिकच्या शिक्षण सेवकाचं मानधन 2023 मध्ये वाढून 18,000 रुपये झालं, त्यात ठाण्यात खोलीचं भाडं भरायचं म्हणजे गरज वेगळी सांगायला नको. तो दुसऱ्या नावाने क्लासमध्ये शिकवतो, शाळेत पेंगतो, आणि एक दिवस त्याच्याच वर्गातला मुलगा त्या क्लासला येऊन बसतो. गैरहजेरीचं निमित्तही कायद्यातच आहे : कलम 27 प्रमाणे शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणुकीची कामं देता येतात. 'इलेक्शन ड्यूटी' म्हटल्यावर मुख्याध्यापक तरी किती खोलात शिरणार?

मारकुटेपणावर हशा मिळवू नका. शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम 17 ने तो बंद आहे, आणि मुलाला लागलं की प्रेक्षक त्याच्या बाजूने जातो आणि नायकावर हसायचं थांबतो. वात्रटपणाचा फटका संस्थाचालकाला, पर्यवेक्षकाला किंवा खुद्द नायकाला बसू दे.

पहिली खोडी तिसऱ्या मिनिटाच्या आत, पैशांची नड सहाव्यापर्यंत, आणि विद्यार्थ्याने ओळखणं विसाव्याच्या आसपास. शेवटची दहा मिनिटं फक्त निस्तरण्याची, त्यात नवीन पात्र आणू नका. संहिता घड्याळ लावून मोठ्याने वाचा. वाचन 34 मिनिटांवर गेलं तर कापा, कारण हशे आणि प्रवेशबदल पाच-सहा मिनिटं सहज खातात. नाटकाच्या संहिता तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता वेळेत पाठवा, आणि प्रमाणपत्र आल्यावर वाक्यं बदलू नका.

प्रश्न : वर्गाच्या प्रवेशात तालमीला हसू येतं, प्रयोगात येत नाही. (ऐरोली)

उत्तर : बहुधा बाकं प्रेक्षकांकडे तोंड करून लावली असतील. मग शिक्षकाला सतत प्रेक्षकांकडे पाठ करून बोलावं लागतं आणि चेहरा दिसत नाही. बाकं तिरकी ठेवा, शिक्षक पुढच्या कोपऱ्यात, फळा विंगेत आहे असं समजा. खरी बाकं हलवताना फार वेळ जातो. प्लायचे दीड फुटी ठोकळे करा, वर्गाला सहा पुरतात.

दुसरं कारण वाक्यात असतं. 'सरांनी वडापावसाठी हजेरीपट गहाण ठेवला' यात हसायचा शब्द मध्येच निघून जातो. 'सरांनी हजेरीपट गहाण ठेवला... वडापावसाठी!' असं म्हणा. हशा ओसरायला लागला की पुढचं वाक्य घ्या. पूर्ण थांबू दिलात तर प्रवेश थंड पडतो, आणि भरात असताना बोललात तर वाक्य वाया जातं.

प्रश्न : हा सिनेमा सोसायटीच्या गच्चीवर लॅपटॉपवरून दाखवला तर चालेल? मुलंही असतील. (नेरूळ)

उत्तर : मुलांसमोर नको. अमेरिकेत त्याला 'आर' प्रमाणपत्र आहे, म्हणजे 17 वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश. गांजा, शिव्या आणि अंगप्रदर्शन भरपूर आहे. घरच्या ओटीटी वर्गणीत सार्वजनिक खेळाचा हक्क येत नाही, तिकीट नसलं तरी. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातली सवलत शिक्षणसंस्थेला आहे, आणि तीही विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी संबंधित लोकांपुरती, सोसायटीला नाही. हक्कधारकाच्या वितरकाकडून एका खेळाचा परवाना घ्या. गच्चीवरचा स्पीकर रात्री दहाला बंद, त्यामुळे सव्वाआठच्या आत सुरू करा.