सॅन होजेला येताय? साईडशो "नुसता बघायला" उभं राहिलं तरी केस होते

तू विचारलंयस की जानेवारीत कंपनीतर्फे सॅन होजेला येतोय, बायकोही सोबत आहे, गाड्यांचं वेड लहानपणापासून, रील्समध्ये तिथल्या रात्रीच्या स्ट्रीट रेस आणि चौकात गाड्या गोल फिरवतात ते, म्हणजे साईडशो, बघितलंय, तर "आपण गाडी चालवणार नाही, फुटपाथवर उभं राहून बघणार फक्त, त्यात काय प्रॉब्लेम आहे दादा?" प्रॉब्लेम आहे भावा, आणि मोठा आहे. सॅन होजेमध्ये ते बघायला उभं राहणं हाच गुन्हा आहे. मी बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड-सॅन होजे या पट्ट्यात, बरीच वर्षं राहतोय, आणि नवीन आलेल्या आपल्या पोरांना ही गोष्ट कोणीच सांगत नाही म्हणून जरा लांबलचक लिहितोय, सगळं वाच.

आधी हे समजून घे की आपल्याकडची सवय इथं का नडते. आपल्या मोटर वाहन कायद्यात कलम १८९ आहे, रस्त्यावर रेस लावली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, पण ते कलम रेस लावणाऱ्याला आणि लावू देणाऱ्याला, कडेला उभ्या असलेल्या माणसाबद्दल त्यात काही नाही. शिवाय तू मंचरचा, घाटात बैलगाडा बघायला सगळा तालुका लोटतो, २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने परत परवानगी दिल्यापासून कलेक्टरची परवानगी काढली की शर्यत कायदेशीर आणि बघणारा तर कायदेशीरच. त्यामुळे गर्दीत उभं राहणं म्हणजे गुन्हा हे आपल्या डोक्यातच येत नाही.

आता इथलं बघ. स्ट्रीट रेस म्हणजे दोन गाड्या सरळ रस्त्यावर पळवणं. साईडशो वेगळा, त्यात चार-पाच गाड्या आडव्या लावून अख्खा चौक बंद करतात आणि मधे चार्जर, कॅमेरो, मस्टँग, इन्फिनिटी जी-३५ असल्या मागच्या चाकांवर ताकद असलेल्या गाड्या गोल गोल फिरवतात, बाकीचे लोक भोवती रिंगण करून फोन वर धरून उभे. हे मूळ ओकलंडचं, १९८० च्या दशकात ईस्ट ओकलंडमध्ये ईस्टमाँट मॉलच्या पार्किंगमध्ये पोरं गाड्या मिरवायची तिथून सुरू झालं, आणि तेव्हा त्यात मोहल्ल्याची मजा होती असं जुने लोक सांगतात. आता लोकेशन इन्स्टाच्या स्टोरीवर ऐनवेळी पडतं, एक चौक झाला की सगळा लवाजमा दुसऱ्या चौकात. मी एकदा रात्री उशिरा घरी येताना सिग्नलला अडकून जवळून बघितलंय. जळक्या रबराचा वास बंद काचेतून आत येतो, धूर इतका की समोरचा सिग्नल दिसत नाही, आणि गाडीचा मागचा भाग रिंगणातल्या पोरांच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावरून जातो, तरी पोरं मागे सरकत नाहीत, उलट पुढे वाकून बंपरला हात लावायला बघतात. त्यातला एक टायर फुटला किंवा एकाचा पाय घसरला तर काय होईल हे सांगायला नको, आणि असे अपघात खरंच होतात. २००२ मध्ये ओकलंडमध्ये साईडशोवरून पोलिसांपासून पळणाऱ्या गाडीने २२ वर्षांच्या मुलीचा जीव घेतला, ती तर बघायलाही गेलेली नव्हती, आणि तिच्याच नावाने कॅलिफोर्नियाने गाडी ३० दिवस जप्त करायचा कायदा केला.

बघ्यांवर कायदा का, याचं उत्तर ते रिंगणच आहे. प्रेक्षक नसतील तर कोणी स्वतःच्या गाडीचे टायर जाळणार नाही, आणि गर्दी असली की पोलिसांना आत शिरता येत नाही, अॅम्ब्युलन्सही अडकते. मला स्वतःला हे पटतं. राज्याच्या व्हेइकल कोडमध्ये २३१०९ हे कलम आहे ते चालवणाऱ्याला आणि मदत करणाऱ्याला, उदाहरणार्थ गाडी आडवी लावून रस्ता अडवणाऱ्याला. बघणाऱ्याचा नियम मात्र शहराचा किंवा काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखी) असतो, म्हणजे आपल्याकडे महापालिकेचा असावा तसा, आणि म्हणून गाव बदललं की नियम बदलतो. सॅन डिएगोने हे फार आधी आणलं. सॅन होजेने २०१९ मध्ये केलं, मिसडिमीनर, म्हणजे किरकोळ दर्जाचा फौजदारी गुन्हा आहे, १,००० डॉलरपर्यंत दंड आणि ६ महिन्यांपर्यंत काउंटी जेल, आणि नंतर सोशल मीडियावरून त्याचा प्रचार करणंही त्यात घातलं, त्यामुळे "आज रात्री इथे या" अशी स्टोरी पुढे ढकलणं पण धोक्याचं. अलामेडा काउंटीने २०२३ मध्ये केलं, पण ते कॅस्ट्रो व्हॅली, सॅन लोरेंझो असल्या कुठल्याच शहरात न येणाऱ्या भागांपुरतं. टेक्सासमध्ये डलासने २०२० मध्ये केलं. तेव्हा "मित्र अमुक शहरात राहतो, तिथं काही होत नाही" हे ऐकून ठरवू नकोस, रस्ता ओलांडला की दुसरं शहर लागतं इथं.

सॅन होजेच्या नियमात साधारण असं आहे की बघायच्या उद्देशाने तू २०० फुटांच्या आत असलास तर तू प्रेक्षक, मग चालत आलास, गाडी चालवत आलास की मित्राच्या गाडीत मागे बसून आलास याने फरक पडत नाही. २०० फूट म्हणजे पाच एसटी एकामागे एक लावल्या की जेवढं होतं तेवढं, म्हणजे "मी तर लांब पेट्रोल पंपावर उभा होतो" हे चालेलच असं नाही. शिवाय रेस सुरू व्हायलाच हवी असंही नाही, तयारी चालू आहे, गाड्या लागतायत, रस्ता अडवलाय, अशा ठिकाणी थांबलास तरी लागू होतं. यात महत्त्वाचा शब्द उद्देश. तू घरी जाताना सिग्नलला अडकलास, बाजूच्या बिल्डिंगमध्ये राहतोस, दुकानातून बाहेर आलास, तर तू गुन्हेगार होत नाहीस. पण उद्देश ठरवतात कशावरून, तर रात्रीचे किती वाजले, किती लोक, तू गर्दीच्या कुठे उभा, काय करत होतास यावरून. फोन वर धरून शूट करत असशील तर मी अडकलो होतो हे कोण मानेल?

शूटिंगवरून आठवलं, कोणीतरी तुला सांगेल की कोर्टाने हा कायदा उडवला. अर्धवट माहिती आहे ती. अलामेडा काउंटीच्या नियमाविरुद्ध ओकलंडच्या एका पत्रकाराने केस केली होती, रस्ता सुरक्षेवर लिहिणारा माणूस, त्याचं म्हणणं की मला बातमीसाठी बघावं आणि रेकॉर्ड करावं लागतं, आणि २०२५ च्या जुलैमध्ये नाईन्थ सर्किट या केंद्रीय अपील कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला की त्याच्यावर हा नियम लावणं अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीतल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याला धरून दिसत नाही. निकाल मला महत्त्वाचा वाटतो, पत्रकाराला अटकेची भीती घालून बातमी कशी येणार. पण म्हणून तुझ्या-माझ्यासारख्याला मोकळं रान मिळालं असं समजू नकोस. तो माणूस वकिलांची संस्था मागे घेऊन लढला आणि त्याला व्हिसाची चिंता नव्हती.

आणि खरा मुद्दा हाच आहे, व्हिसा. दंड हजार डॉलर, तो भरता येतो. पण मिसडिमीनर म्हणजे स्पीडिंगच्या तिकिटासारखी इन्फ्रॅक्शन नव्हे, तो फौजदारी गुन्हा आहे. व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये सरळ विचारतात की कधी अटक झाली किंवा दोषी ठरलात का, माफी मिळाली असली तरी सांगा. ग्रीन कार्डच्या आय-४८५ मध्ये विचारतात, पुढे सिटिझनशिपच्या फॉर्ममध्ये परत विचारतात. कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने नंतर रेकॉर्ड पुसलं तरी इमिग्रेशनच्या दृष्टीने ते पुसलं जात नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये हजारो परदेशी स्टुडंट्सचे सेव्हिस रेकॉर्ड (सरकारकडची त्यांच्या स्टेटसची नोंद) एका फटक्यात बंद केले होते, त्यात कित्येकांचा पोलिसांशी किरकोळ संबंध आलेला, काहींच्या केस तर रद्द झालेल्या, नंतर कोर्टात जाऊन बरेच परत सुरू झाले पण मधल्या आठवड्यांत पोरांची झोप उडाली होती. तू एल-१ वर आलास की एच-१बी वर, बायकोचं स्टेटस तुझ्यावर टांगलेलं असतं, तुझं गेलं की तिचं गेलं.

माझ्या ओळखीतला एमएस करणारा सांगलीचा पोरगा, सरळमार्गी, दारूला शिवत नाही. मित्रांबरोबर रात्री बोबा (बबल टी) प्यायला गेला होता, एकाच्या फोनवर स्टोरी आली, गाडीत चौघे, हा मागे बसलेला, "चला दहा मिनिटं बघून येऊ". पोलिसांनी चारही रस्ते एकदम बंद केले आणि सगळ्यांना फुटपाथच्या कडेला ओळीत बसवलं. याला हातात सायटेशनचा कागद आणि कोर्टाची तारीख मिळाली, जेलमध्ये नेलं नाही. पुढे फौजदारी वकील, मग इमिग्रेशन वकील, दोघांची फी, शेवटी गुन्हा कबूल न करता डायव्हर्जन (कोर्टाच्या अटी पाळल्या की खटला सोडून देतात) मिळून केस रद्द झाली. पण वकिलाने सांगितलं की कागदावर सोडलं तरी ती अटकच धरतात, फॉर्मवर हो लिहायचं आणि कोर्टाचे सर्टिफाइड कागद जोडायचे, आणि एवढ्यात व्हिसा स्टँपिंगला इंडियात जाऊ नकोस. त्याच सुमारास बहिणीचं लग्न होतं. त्याने ते फोनवर बघितलं. मी त्या लग्नाच्या दिवशी त्याच्याबरोबर होतो, अजून आठवलं की वाईट वाटतं.

त्यामुळे इथं आलास की एवढं कर. अशा ठिकाणी अडकलास तर काचा वर, दारं लॉक, हॉर्न मारू नको, कोणाशी वाद घालू नको, फोन खाली, आणि पहिल्या मोकळ्या गल्लीतून बाहेर पड. गाडीतून उतरायचं नाहीच. कोणी गाडीवर चढलं, तोडफोड करायला लागलं तर ९११. पोलीस आलेच तर पळू नकोस, पळणं आणि खोटं नाव सांगणं हे स्वतंत्र गुन्हे आहेत. हात दिसतील असे ठेव, नाव आणि लायसन्स दे, बाकी "आय वाँट टू रिमेन सायलेंट, आय वाँट अ लॉयर" एवढंच, शांतपणे. मी कसा आलो, कोणी बोलावलं हे समजावत बसू नकोस, आपल्या लोकांना वाटतं साहेबाला नीट सांगितलं की सोडेल, इथं ते सगळं रिपोर्टमध्ये लिहिलं जातं. कागदावर सही मागितली तर कर, सही म्हणजे गुन्हा कबूल नव्हे, कोर्टात हजर राहीन एवढंच वचन आहे, आणि तारीख चुकवलीस तर तो वेगळा गुन्हा. गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय "दंड भरून मोकळा होतो" असं करू नकोस. गुन्हा कबूल केला तर देशाबाहेर काढण्याचा धोका आहे का हे फौजदारी वकिलाने तुला सांगायलाच हवं असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच पडिला केसमध्ये म्हटलंय, तेव्हा त्याला स्पष्ट विचार. आणि आपली गाडी कोणाला "चक्कर मारायला" देऊ नकोस, साईडशोत सापडली तर ३० दिवस जप्त होऊ शकते आणि टोइंग, स्टोरेजचा खर्च हजारांत जातो.

आता गाड्यांचं वेड. ते मार असं मी म्हणणार नाही, इथं त्यासाठी भरपूर आहे. सोनोमा रेसवेवर बुधवारी रात्री ड्रॅग असतात, आपली रोजची गाडी घेऊन पण उतरता येतं, तिथं पोलिसांविरुद्ध शाळकरी पोरं रेस लावतात असा "टॉप द कॉप्स" नावाचा प्रोग्रॅम पण चालत आलाय. सॅन डिएगोला बघ्यांचा कायदा आला त्या काळात तिथल्या युनिव्हर्सिटीचे प्रोफेसर स्टीफन बेंडर यांनी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये कायदेशीर ड्रॅग सुरू केल्या होत्या, म्हणजे पोरांना जागा दिली की पोरं येतात. मॉन्टेरेजवळ लागुना सेका हा रेस ट्रॅक आहे, सॅन होजेपासून साधारण दीड तास, त्याचं कॉर्कस्क्रू वळण टीव्हीवर बघितलंच असशील, तिथं उभं राहून गाडी वरून खाली सुटताना बघणं काय असतं ते सांगून कळणार नाही, ऑगस्टमध्ये जुन्या रेस कार्सचं संमेलन असतं तेव्हा ये. स्वतः चालवायचं असेल तर एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) चं ऑटोक्रॉस, कोन लावलेल्या मोकळ्या मैदानावर एकेक गाडी सोडतात, नवीन माणसाला शेजारी बसून शिकवतात, आणि शनिवारी सकाळी कार्स अँड कॉफी (गाड्या घेऊन जमायचं, बघायचं, गप्पा) तर जवळपास कुठं ना कुठं असतंच.

घर कुठे बघतोयस ते कळव, मिलपिटास, नॉर्थ सॅन होजे की सनीव्हेल, त्या भागाचा नियम काय आहे ते त्या शहराच्या म्युनिसिपल कोडमध्ये सापडतं, कसं शोधायचं ते दाखवतो.