घरातली हवा मोजायची, पण कोणत्या सेन्सरने?

प्रश्न : ईएसपी ३२ या वाय-फायवाल्या छोट्या संगणकी बोर्डाला एमक्यू-१३५ हा वायू-सेन्सर जोडला आहे. फोडणी दिली किंवा उदबत्ती लावली की कार्बन डायऑक्साइडचा आकडा एकदम उडी मारतो. सेन्सर खराब आहे का?

उत्तर : सेन्सर ठीक आहे, निवड चुकली. एमक्यू-१३५ कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही; अल्कोहोल, अमोनिया, धूर अशा वायूंनी त्याचा विद्युत रोध बदलतो आणि बोर्डावरचा कोड त्यावरून आकडा काढतो. 'ईसीओटू' (अंदाजाने काढलेला कार्बन डायऑक्साइड) दाखवणारे स्वस्त सेन्सरही असाच अंदाज करतात, तेही टाळा.

एससीडी ४० हा सेन्सर घ्या. तो कार्बन डायऑक्साइड थेट मोजतो, ३.३ व्होल्टवर चालतो. त्याची एसडीए (डेटाची) तार बोर्डाच्या २१ व एससीएल (घड्याळ-सिग्नलची) तार २२ क्रमांकाच्या पिनेला जोडा. त्याचे स्वयं-कॅलिब्रेशन (आकडे आपोआप जुळवून घेणे) आठवड्यातून एकदा तरी बाहेरची ताजी हवा (सुमारे ४०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४०० भाग) मिळेल असे धरते. खोली कायम बंद असेल, तर आकडे हळूहळू खाली सरकतात. म्हणून खिडक्या उघडा, नाहीतर स्वयं-कॅलिब्रेशन बंद करून बाहेरच्या हवेत हाताने कॅलिब्रेट करा.

धुळीसाठी पीएमएस ५००३ हा सेन्सर घ्या. त्याच्या आतल्या पंख्याला ५ व्होल्ट लागतात, सिग्नल मात्र ३.३चाच. सुरू झाल्यावर पहिल्या ३० सेकंदांची मोजणी टाकून द्या. त्याची हवा आत घेणारी आणि बाहेर सोडणारी भोके एकाच बाजूला असतात. सेन्सर डबीत बसवलात तर दोन्ही डबीबाहेर उघडी ठेवा, नाहीतर तीच हवा फिरत राहते. पावसाळ्यात दमट हवेने कण फुगतात आणि पीएम २.५ (अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण) जास्त दिसते, तेव्हा आर्द्रतेची नोंद सोबत ठेवाच.

तापमानाचा सेन्सर बोर्डाच्या वर नको, खाली बसवा. वाय-फायची उष्णता वर चढते.