सोनीची १६-५० किट लेन्स ठेवू की विकू?
सोनीच्या ए६४०० कॅमेऱ्यासोबत आलेली १६-५० मिमी झूम लेन्स विकू का असं विचारलंय, तर माझं मत, घाई नको. वजन फक्त ११६ ग्रॅम, बंद असताना जेमतेम ३ सेंटिमीटर जाड, म्हणजे कॅमेरा जॅकेटच्या खिशात जातो आणि गड चढताना गळ्यात लोढणं वाटत नाही. शिवाय बॉडीत स्टॅबिलायझेशन नाहीये पण लेन्समध्ये आहे, त्यामुळे कमी शटर स्पीडलाही हात हलल्याचं फारसं कळत नाही (नाचणारं पोरगं मात्र ब्लरच येणार).

आता रडगाणं. ५० ला (पूर्ण झूमवर) लेन्स एफ ५.६ इतकीच उघडते (एफचा आकडा मोठा तितका उजेड कमी), म्हणजे एफ १.८ च्या प्राइमपेक्षा (झूम नसलेल्या लेन्सपेक्षा) तीन स्टॉपहून कमी उजेड (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), मग हॉलमधल्या बारशाला आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ६४०० वर जातो आणि बाळाच्या गालावर रवा सांडल्यासारखा नॉइज (दाणेदारपणा). १६ ला (सगळ्यात रुंद कोनात) कोपरे मऊच, आणि रॉ फाइलवर (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फोटोवर) लेन्स करेक्शन बंद करून बघा, दाराची चौकट पिंपासारखी फुगलेली दिसते, जेपेगमध्ये कॅमेरा ते गुपचूप सरळ करून देतो. झूम मोटरचा, त्यामुळे ऑन केल्यावर लेन्स बाहेर येईपर्यंत समोरचा पक्षी उडालेला असतो.

विकून फार काही हातात येणार नाही, फिरायला हीच ठेवा आणि घरातल्या फोटोंसाठी ३५ मिमी एफ १.८ प्राइम सेकंडहँड शोधा.