शुभेच्छापत्र, त्याचे पाकीट आणि त्याच कागदाचे कानातले घरी करायचे असेल, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. घरी केलेल्या शुभेच्छापत्राची घडी फाटल्यासारखी का दिसते, पाकीट प्रत्येक वेळी घट्ट किंवा सैल का होते, आणि कार्डाला शोभेल असे साधे कानातले त्याच कागदातून करता येईल का. ही तिन्ही कामे मी बरीच वर्षे करत आले आहे. माझ्या मते तिन्ही अडचणींचे मूळ एकच आहे : आपण कागद सुंदर आहे म्हणून आणतो आणि त्याचे माप व त्याच्या तंतूंची दिशा न पाहताच थेट कात्री चालवतो. या दोन गोष्टी आधी समजून घेतल्या, तर कार्डाचा कागद नीट वागतो आणि पाकीट व मणी एकाच तावातून निघतात.

घडीपासून सुरुवात करते, कारण सर्वांत जास्त निराशा तिथेच पदरी पडते. मी हे काम नव्याने शिकत होते तेव्हा एका मैत्रिणीसाठी वरून गडद निळा आणि आतून पांढरा असा जाड कागद घेऊन बारा कार्डे केली होती. ए-४ आकाराचा कागद मधोमध दुमडला, वरून अंगठ्याचे नख फिरवले आणि उघडून पाहिले, तर घडीवर पांढरी, केसाळ रेघ उमटलेली. कागदाचे बारीक तंतू तुटून उभे राहिलेले डोळ्यांना स्पष्ट दिसत होते. रंगीत पेन्सिलीने ती रेघ झाकण्यात माझी अख्खी दुपार गेली आणि तरीही बाराच्या बारा कार्डे जुनी, हाताळलेली वाटत राहिली. दोष कागदाच्या दर्जात नव्हता, मी तो चुकीच्या दिशेने दुमडला होता.

यंत्रावर कागद तयार होताना पातळ लगदा सरकत्या जाळीवर पसरला जातो आणि त्यातले बहुतेक तंतू जाळी सरकते त्याच दिशेला आडवे होतात. या दिशेला ग्रेन म्हणतात. घडी ग्रेनला समांतर असेल, तर तंतू एकमेकांपासून नुसते बाजूला होतात; घडी ग्रेनला आडवी आली, तर प्रत्येक तंतू वाकवावा लागतो आणि जाड कागदात तो तुटतो. दिशा ओळखणे सोपे आहे. कागद घडी न पाडता हलकेच वाकवा, मग नव्वद अंशांत फिरवून पुन्हा वाकवा. ज्या बाजूने तो हाताला कमी विरोध करतो, त्या वाकाची रेघ ग्रेनला समांतर असते. तरीही शंका राहिली, तर कोपऱ्याचा लहान चौकोनी तुकडा कापून त्याची एकच बाजू ओली करा. तो आपोआप नळीसारखा वळतो आणि त्या नळीची लांबी ग्रेनच्या दिशेने असते. हातकागदात तंतू सगळ्या दिशांना विखुरलेले असल्यामुळे हा फरक फारसा जाणवत नाही.

आता माझी बारा कार्डे का बिघडली, ते लक्षात येईल. ए-४ म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर, आणि या आकारातल्या कागदाचा ग्रेन बहुतेक वेळा लांब बाजूने असतो. तो मधोमध एकदा दुमडून ए-५ आकाराचे मोठे कार्ड केले, की घडी आखूड बाजूला समांतर येते, म्हणजे नेमकी ग्रेनला आडवी. तोच कागद आधी मधोमध कापून दोन अर्धे केले आणि प्रत्येक अर्धा पुन्हा मधोमध दुमडला, तर घडी ग्रेनच्या दिशेने येते आणि १०५ × १४८ मिलिमीटरचे, म्हणजे ए-६ आकाराचे, दोन नेटके कार्ड मिळतात. नवशिक्याने ए-६ पासूनच सुरुवात करावी असे मी आग्रहाने सांगते, त्याचे हे पहिले कारण आहे. दुसरे कारण पाकिटाच्या ओघात येईलच.

कार्डासाठी २२० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटरचे वजन तितके ग्रॅम भरेल असा) कागद घ्यावा. इतका जाड कागद थेट दुमडू नये, आधी घडीची रेघ दाबून घ्यावी. धातूची पट्टी लावून शाई संपलेल्या बॉलपेनने किंवा विणायच्या सुईच्या टोकाने, कागद न कापता, दोनदा सारखा दाब देऊन ओढले की पुरते. दाबलेल्या बाजूला खाच पडते आणि मागच्या बाजूला उंचवटा येतो. पुष्कळ जण खाचेकडे दुमडतात, पण उंचवटा घडीच्या आत राहील असे दुमडावे. त्यामुळे बाहेरच्या पृष्ठभागावर ताण कमी पडतो. कागद गडद असेल आणि आत लिहायचे असेल, तर आत पातळ पांढऱ्या कागदाचे पान लावावे, मात्र त्याला गोंद फक्त घडीलगतच्या पाच मिलिमीटरच्या पट्टीवर लावावा. संपूर्ण पान चिकटवले, की पांढऱ्या गोंदातल्या पाण्याने कागद फुगतो, वाळताना आक्रसतो आणि कार्ड कायमचे वाकडे होते. जिथे मोठा भाग चिकटवावाच लागतो, तिथे दुहेरी चिकटपट्टी किंवा कांडीचा गोंद वापरावा आणि काम वजनाखाली रात्रभर ठेवावे.

पाकिटाबद्दल बहुतेक ठिकाणी छापील साचे दिलेले असतात, पण साच्यावर विसंबून राहिले, की कार्डाचे माप बदलताच अडचण येते. मला स्वतःला चौकोनी कागदाची पद्धत सर्वांत विश्वासाची वाटते, आणि ए-४ कागदाच्या बाबतीत तर ती फार सुंदर जमून येते. ए मालिकेतल्या कागदांची लांबी आणि रुंदी यांचे गुणोत्तर दोनाच्या वर्गमुळाइतके ठेवलेले आहे, म्हणून कोणताही कागद मधोमध कापला तरी आकाराचे प्रमाण बदलत नाही. हे प्रमाण १९२२ साली जर्मनीत प्रमाणित झाले आणि पुढे आंतरराष्ट्रीय मानक बनले. याच गुणोत्तरामुळे ए-४ मधून २१० मिलिमीटरचा चौकोन कापला, तर त्याचा कर्ण बरोबर २९७ मिलिमीटर, म्हणजे मूळ कागदाच्या लांबीइतकाच येतो. पट्टी लावून एकदा स्वतः मोजून पाहावे असे हे दृश्य आहे.

हा चौकोन टोकावर उभा, पतंगासारखा ठेवावा. त्याच्या मधोमध, कर्णांना समांतर, १५४ × १११ मिलिमीटरचा आयत पेन्सिलीने आखावा. कार्डाच्या मापात दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटरची सूट दिली, की हे माप येते, आणि साध्या सपाट कार्डाला एवढी सूट पुरते. ए-६ कार्डाचे पाकीट असे एकाच ए-४ कागदात बसते, हेच ए-६ पासून सुरुवात करण्याचे दुसरे कारण. आयताबाहेर चार त्रिकोणी भाग राहतात : डावा-उजवा सुमारे ७१ मिलिमीटरचा, वरचा आणि खालचा ९३ मिलिमीटरचा. आयताच्या चारही कोपऱ्यांपाशी, जिथे दोन घड्यांच्या रेघा एकमेकींना छेदून बाहेर जातात, तिथला लहानसा त्रिकोणी तुकडा कापून टाकावा. तो राहिला, तर कोपऱ्यात कागदाचे थर साचून पाकीट फुगलेले दिसते. मग आधी डावी-उजवी बाजू आत घ्यावी. त्यांची टोके एकमेकांना टेकत नाहीत, मध्ये सुमारे एक सेंटिमीटरची फट राहते, पण खालचा त्रिकोण वर घेतला की ती पूर्ण झाकली जाते. गोंद खालच्या त्रिकोणाच्या दोन तिरप्या कडांवरच, अगदी पातळ लावावा आणि चिकटवताना पाकिटाच्या आत टाकाऊ कागदाचा तुकडा सरकवून ठेवावा, म्हणजे फटीतून उतरलेला गोंद समोरच्या बाजूला धरत नाही. वरचे टोक हवे तर गोलाकार कापून घ्यावे.

पाकिटाला ९० ते १२० जीएसएमचा कागद योग्य आहे. इथे चारही घड्या ग्रेनला तिरप्या येतात, त्यामुळे जाड कागद चारही बाजूंनी त्रास देतो. तयार पाकीट विकत घ्यायचे झाल्यास ए-६ कार्डासाठी सी-६ मागावे, ज्याचे माप ११४ × १६२ मिलिमीटर असते. पाकीट जुळणारे असावे याचा अर्थ ते कार्डाच्याच नक्षीचे असावे असा मी घेत नाही. गडद नक्षीवर पत्ता वाचता येत नाही आणि तो वाचता येणे हे पाकिटाचे पहिले काम आहे. पाकीट फिकट, एकरंगी ठेवून त्याच्या आत, झाकणापर्यंत येईल असे, कार्डाच्या नक्षीचे अस्तर लावले, तर उघडणाऱ्याला जो आनंद होतो तो वेगळाच असतो.

आता कानातल्याकडे येते. नक्षीच्या कागदाचे असेच पाकीट केले, तर ए-४ मधून चौकोन कापल्यावर ८७ × २१० मिलिमीटरची पट्टी उरते. ती टाकू नये. तिच्यातून तळाशी १५ मिलिमीटर आणि २१० मिलिमीटर लांब असे निमुळते त्रिकोण एकआड एक उलटसुलट आखले, तर दहा त्रिकोण निघतात, म्हणजे दहा मणी. यातही ग्रेन आपल्या बाजूने असतो : लांब बाजूने ग्रेन असलेल्या कागदात तंतू या त्रिकोणांच्या तळाला समांतर येतात, त्यामुळे गुंडाळताना कागद अडत नाही. रुंद टोक विणायच्या बारीक सुईवर धरावे, पहिला वेढा कोरडाच घ्यावा, नाहीतर मणी सुईला चिकटतो, आणि मग पुढच्या पट्टीला पातळ गोंद लावत घट्ट गुंडाळत जावे. प्रत्येक वेढ्याला पट्टीच्या दोन्ही कडा मण्याच्या मधोमधपासून सारख्याच अंतरावर आहेत ना, हे पाहावे लागते. एक केसभर तिरपी गेली, तर शेवटचे टोक मण्याच्या एका बाजूला येते आणि मणी कलल्यासारखा दिसतो. तसे झाल्यास उलगडून पुन्हा गुंडाळावे, गोंद ओला असेपर्यंत कागद ते सोसतो. साधारण सहा मिलिमीटर जाडीचा, मधे फुगीर मणी तयार होतो. पूर्ण वाळल्यावर वॉर्निशचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिला तर तो चिकट राहतो. वॉर्निश दिलेला मणी घामाचा ओलावा सोसतो, पाण्यात बुडवणे मात्र सोसत नाही, आणि भेट देताना हे सांगणे आवश्यक आहे.

जोडकामाला दोन लहान पकडी लागतात, त्यांपैकी एक गोल टोकाची. मणी तारेत ओवल्यावर वर साधारण १० मिलिमीटर तार ठेवून बाकीची कापावी, ती मण्यालगत काटकोनात वाकवावी आणि गोल पकडीने उलट दिशेला वळवून वेढा पूर्ण करावा. मणी आणि हूक जोडणारी कडी उघडताना तिची दोन टोके कधीही डावी-उजवीकडे ताणू नयेत. दोन्ही पकडींनी टोके धरून एक हात स्वतःकडे आणि दुसरा समोर न्यावा, म्हणजे कडी पिळल्यासारखी उघडते आणि तशीच उलट फिरवून बंद होते. ताणून उघडलेली कडी पुन्हा गोल होत नाही, तिची फट राहते आणि मणी केव्हातरी गळून पडतो. बंद करताना टोके एकमेकांना घासून जुळल्याचा बारीक खरखरीत स्पर्श बोटांना कळतो. तो कळेपर्यंत थांबावे.

कानात जाणाऱ्या हुकाच्या बाबतीत काटकसर करू नये असे मला मनापासून वाटते. स्वस्त हुकांमध्ये पुष्कळदा निकेल असते आणि निकेलची ॲलर्जी अनेकांना असते. कानाच्या पाळीला खाज, लाली आणि पाणी सुटणे ही तिची लक्षणे आहेत. टायटॅनियम, निओबियम किंवा ९२५ शुद्धतेची चांदी यांचा, सुमारे ०.८ मिलिमीटर जाडीच्या तारेचा हूक घ्यावा. मणी कागदाचा असला तरी चालेल, पण शरीराला लागणारी धातू चांगलीच हवी.

राहिला प्रश्न कानातले कार्डासोबत पाकिटात घालण्याचा. ते कार्डालाच टोचू नये, कारण कार्डाला भोके पडतात आणि मण्यांचा ठसा उमटतो. जाड कागदाच्या वेगळ्या लहान तुकड्याला दोन भोके पाडून त्यात हूक अडकवावेत आणि तो तुकडा कार्डाच्या आत सरकवावा. पाकिटात जितकी जाडी वाढते, तितकेच माप लांबीत आणि रुंदीत वाढवावे लागते. मणी, तुकडा आणि कार्डाची दोन पाने मिळून सात-आठ मिलिमीटर धरले आणि आधीची सूट राखली, तर आयत १६२ × ११९ मिलिमीटरचा होतो, आणि तोही त्याच २१० मिलिमीटरच्या चौकोनात बसतो. फक्त चिकटवायची कड थोडी अरुंद होते, म्हणून गोंदाऐवजी तिथे अरुंद दुहेरी चिकटपट्टी लावावी. असे पाकीट हातोहात द्यावे. टपालाने पाठवायचे असेल, तर साध्या पत्रांसोबत टाकू नये, कारण पत्रे वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या रुळांमध्ये मणी चेपतात. नालीदार पुठ्ठ्याचे, प्रत्येकी तीन मिलिमीटरचे दोन थर एकावर एक चिकटवून मधोमध कानातल्याच्या आकाराची खिडकी कापावी, त्या खिडकीत मणी बसवावेत आणि हे सगळे लहान खोक्यात घालून पार्सल म्हणून पाठवावे.