‘सांग की गं’ म्हणण्याआधी

मावशी, नमस्कार. मी लातूरची, वय 38. आमच्या कॉलनीत नऊ जणींची भिशी आहे, सहा वर्षं झाली. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एकीच्या घरी जमतो. बोलणं तेच ते : पोरांचे मार्क, सोन्याचा भाव, नळाला पाणी कधी येणार. मला वाटायचं, इतकी वर्षं भेटतोय पण एकमेकींबद्दल काहीच ठाऊक नाही. माझी लेक म्हणाली, त्यांच्या हॉस्टेलवर मुली चिठ्ठ्या काढून एकमेकींना गमतीचे प्रश्न विचारतात. मीही मोबाइलवरून वीस प्रश्न उतरवून घेतले, चिठ्ठ्या करून स्टीलच्या डब्यात टाकल्या. सुरुवातीला लई मजा आली. मग एकीला चिठ्ठी आली, ‘लग्नाआधी तुम्हाला कोण आवडायचं?’ ती गप्प झाली. सगळ्या ‘सांग की गं, सांग की’ करत मागं लागल्या, मीसुद्धा. ‘गॅसवर दूध ठेवलंय’ म्हणून ती उठून गेली. पुढच्या भिशीला आलीच नाही, पैसे पोराच्या हाती पाठवले. फोन केला तर ‘बरं नाही’ एवढंच म्हणाली. आता बाकीच्या तर्क करायल्यात, तिचं म्हणे आधी एक लग्न मोडलं होतं. माझं काय चुकलं? हा खेळ बंदच करू का? मला ‘तू’च म्हणा.
— भिशीवाली

अगं बाई, आधी तिच्या घरी जा. उरलेलं उत्तर परत आल्यावर वाचलंस तरी चालेल.

दुपारी तीन-साडेतीनला जा, घरात माणसं नसतात तेव्हा. एकटी जा. भिशीतली दुसरी कुणी सोबत घेतलीस तर तिला वाटेल पंचायत बसवायला आल्या. आणि ग्रुपवर ‘कुणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा’ असला मेसेज चुकूनही टाकू नकोस. त्यानं सगळ्यांच्या नजरा पुन्हा तिच्याकडं वळतील, आणि तिला तेवढंच नकोय.

जाऊन काय बोलायचं तेही सांगते, कारण ऐनवेळी शब्द पळून जातात. ‘त्या दिवशी सगळ्या मागं लागल्या तेव्हा मी थांबवायला हवं होतं. उलट मीच ‘सांग की’ म्हणत होते. माझं चुकलं. मला तुला काही विचारायचं नाही.’ एवढंच. मग ती चहा ठेवेल, तो घे, आणि दुसरं काहीतरी बोल. ती आपणहून काही सांगायला लागली तर ऐक, नाही लागली तर उठताना तसं तोंडावर दिसू देऊ नकोस. ‘मला कळलं गं तुझं’ हे वाक्य तर घशातच ठेव. ‘मी तुझ्या बाजूनं आहे’ हेसुद्धा नको. कुठल्या बाजूनं? तिनं तुला काही सांगितलेलंच नाही. आधीच्या लग्नाची गोष्ट खरी असेल, खोटी असेल. दूध खरोखरच गॅसवर असेल. ते तिचं आहे आणि ती ठरवेल.

पुढच्या भिशीत कुणी तो विषय काढला की सरळ सांग, ‘हे इथं नको.’ आवाज न चढवता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. चिठ्ठ्यांचा डबा तू आणलास, म्हणून हे बोलायचं कामही तुझंच आहे. तुला अवघड जाईल हे मला कळतं. तरी बोल.

आता तुझा प्रश्न, काय चुकलं.

तुझी इच्छा चुकीची नव्हती. तुझं पत्र वाचताना मला वाईट वाटलं ते याचं, की सहा वर्षं एकत्र बसलेल्या नऊ बायकांना एकमेकींची माहेरची हाक ठाऊक नसेल. आपल्याकडं कॉलनीत बाई राहायला आली की ती ‘सरांच्या मिसेस’ होते, नाहीतर ‘अमक्याची आई’, फार तर ‘वहिनी’. कितीतरी जणींचं नाव लग्नात तांदळाच्या ताटात बदललेलं असतं. मग आईनं ठेवलेलं नाव कोण घेणार? हे कुणीतरी विचारावं असं तुला वाटलं, ही चांगली गोष्ट आहे. ती सोडू नकोस.

चुकली ती पायरी. 1997 साली आर्थर ॲरन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला होता. एकमेकांना न ओळखणारे विद्यार्थी जोडीजोडीनं बसवले आणि त्यांना 36 प्रश्न दिले. पाऊण तासाचं काम. दुसऱ्या काही जोड्यांना नुसत्या इकडच्या तिकडच्या गप्पांचे विषय दिले. शेवटी पहिल्यांना एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली. मोबाइलवर फिरणाऱ्या कितीतरी ‘मैत्रीच्या प्रश्नां’चं मूळ तिथं सापडतं. पण फिरता फिरता त्यातली शिस्त गळून गेली. ते 36 प्रश्न तीन गटांत होते आणि हळूहळू खोल जात होते. पहिला प्रश्न असा, की जगातल्या कुणालाही जेवायला बोलवायचं झालं तर कुणाला बोलवाल. तिसरा, फोन करण्याआधी काय बोलायचं याची मनात तालीम करता का. घरातल्या कुणाचं जाणं सगळ्यात जास्त लागेल, हा प्रश्न 35 वा. आणि प्रत्येक प्रश्नाला दोघांनीही उत्तर द्यायचं, नुसतं ऐकणारं कुणीच नाही.

तुझ्या डब्यात पहिली पायरी आणि पस्तिसावी पायरी एकाच आकाराच्या चिठ्ठीत घडी घालून पडली होती. शिवाय एक सांगणार आणि आठ ऐकणार. त्या आठांपैकी कुणीही आधी स्वतःचं सांगितलेलं नव्हतं. तू तरी सांगितलं होतंस का, लग्नाआधी तुला कोण आवडायचं ते?

तुला शाळेतलं स्लॅमबुक आठवत असेल. त्यातही हाच प्रश्न असायचा. पण वही घरी न्यायची, रात्री एकटीनं भरायची, आणि त्या रकान्यात ‘सीक्रेट’ लिहिलं की कुणी काही म्हणायचं नाही. रकाना कोरा ठेवायची मुभा होती. तुझ्या मैत्रिणीला कोरा रकाना मिळाला नाही, म्हणून तिनं दूध उतू घातलं.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गमतीचा प्रश्न सगळ्यांना सारखाच गमतीचा नसतो. लातूरचीच दोन उदाहरणं घे.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, तो उन्हाळा. भिशीत विचार, ‘तेव्हा तुमच्या घरी पाणी कसं पुरवलं?’ बघ कशा बोलतील. अंघोळीचं पाणी फरशीला आणि फरशीचं झाडाला कसं दिलं, टँकर आला म्हणून रात्री दोनला घागरी घेऊन कोण कशी धावली, सासू-सुनेचं एका बादलीवरून काय झालं. त्या प्रश्नात हसू आहे, आणि त्याच्या खाली बरंच काही आहे : कोण कुणासाठी तहानलं राहिलं, कुणाला कुणी मदत केली नाही. ज्याला जेवढं उतरायचं तेवढं उतरता येतं, कारण तो उन्हाळा सगळ्यांनी मिळून काढला.

आता दुसरा. ‘भूकंपाच्या रात्री तुम्ही कुठं होता?’ 30 सप्टेंबर 1993. गणपती बोळवून लोक झोपले होते, पहाटे चारला चार मिनिटं कमी. तू तेव्हा पाच-सहा वर्षांची असशील. शहरातल्या तुझ्या वयाच्या मुलींना आठवतं ते अंगणात झोपणं, शाळेला सुट्टी, सगळी गल्ली एकत्र. त्यांच्यासाठी ती सांगण्यासारखी गोष्ट आहे, त्या उत्साहानं सांगतील. पण भिशीतल्या एखादीचं माहेर किल्लारी-सास्तूरकडचं असलं तर? तिच्या घरातली कोण कोण माणसं त्या मातीखाली राहिली हे तुला माहीत आहे का? तिनं कधीतरी सांगावं, सांगितलं तर तुझ्याजवळ बसून सांगावं. चिवड्याची वाटी हातात घेऊन, आठ जणींपुढं, चिठ्ठी निघाली म्हणून सांगू नये.

तर खेळ बंद करू नकोस, डबा बंद कर. ज्या महिन्यात जिच्या घरी भिशी, तिनं एकच प्रश्न विचारायचा आणि पहिलं उत्तर तिचंच. कुणी ‘पुढं चला’ म्हटलं की पुढं जायचं, कारण विचारायचं नाही. ‘सांग की’ हा शब्द त्या घरात नको. आणि जे ऐकलं ते रात्री जेवताना नवऱ्याला सांगायचं नाही. कॉलनीत गोष्ट भिंतीवरून नाही, ताटावरून पसरते. या एका बाबतीत मी फार कडक आहे. तुमच्यातल्या एखादीला हे जमणार नसेल तर साधेच प्रश्न ठेवा, तेही चांगले असतात.

खरं सांगायचं तर नऊ जणींच्या मेळ्यात खोलवर काही निघतही नाही. ते दोघींत निघतं, आणि हाताला काम असलं की जास्त. शेंगा फोडताना, मेथी निवडताना, पापड लाटताना नजर हातावर असते, समोरच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. अवघड बोलणं तेव्हा सोपं होतं. भिशीच्या दिवशी तासभर आधी एखादीला मदतीला बोलव. दर महिन्याला वेगळी.

माझंच सांगते. माझी एक शेजारीण होती, 22 वर्षं भिंतीला भिंत लागून. वाटीभर साखरेपासून बाळंतपणापर्यंत सगळं एकमेकींचं केलं. एका येळवशीला, म्हणजे शेतात पूजा करून तिथंच जेवतात त्या वेळ अमावस्येला, ती आमच्या शेतात आली होती. कडब्याच्या कोपीपुढं बसून आम्ही भज्जी आणि आंबील घेत होतो. मी सहज विचारलं, ‘तुमच्या माहेरी भज्जीत काय काय घालायचे हो?’ ती सांगायला लागली. हरभऱ्याचे सोले, तुरीचे दाणे, चिंच, मेथी आणि आईच्या हातचा कसला तरी पाला, ज्याचं नाव तिला आठवेना. ते नाव आठवता आठवता ती थांबली. मग म्हणाली, तिच्या लग्नाचं कर्ज फेडायला वडिलांनी शेत विकलं. त्यानंतर येळवशीला ती माहेरी कधी गेलीच नाही. शेतच नाही तर येळवस कुठं करायची? 22 वर्षांत हे मला माहीत नव्हतं. दरवर्षी त्या दिवशी तिचं डोकं दुखायचं आणि मी अमृतांजन नेऊन द्यायची.

मी तेव्हा तिला आणखी काही विचारलं नाही. कितीला विकलं, कुणाला विकलं, भाऊ काय म्हणाले, काही नाही. तिच्या वाटीत आंबील ओतली. पण पुढच्या वर्षी अमावस्येच्या चार दिवस आधी तिच्या दारात गेले आणि म्हटलं, ‘यंदा भज्जी तुमच्या माहेरच्या पद्धतीनं करायची, तुम्हीच करायची.’ तिनं केली. त्या पाल्याचं नाव तिला बहिणीकडून कळलं होतं, तो तिनं कुठून तरी मिळवून आणला होता.

हे मुद्दाम सांगते, कारण मोबाइलवरच्या यादीत हा भाग नसतो. 2017 साली हार्वर्डमधल्या संशोधकांनी लोकांचे संवाद तपासले. त्यांना दिसलं, की जास्त प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडतात, आणि त्यातही समोरच्यानं आत्ता जे सांगितलं त्यालाच धरून पुढचा प्रश्न विचारणारी. मी त्यात माझ्या अनुभवाची भर घालते : तो पुढचा प्रश्न लगेचच विचारायला हवा असं नाही. महिन्यानं विचार. ‘तुमच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं ना, झालं का?’ लक्षात ठेवलं होतंस, हे तिला कळेल. वीस नवे प्रश्न शोधण्यापेक्षा मागच्या वेळची दोन उत्तरं लक्षात ठेव. राहत नसतील तर कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी एक शब्द लिहून ठेव.

ती मैत्रीण परत आली नाही तर? नाही येणार कदाचित. तिची वाट बघ, पण बोलावणी धाडून दमवू नकोस. संक्रांतीला वाण घेऊन जा, दिवाळीला ताट पाठव, रस्त्यात भेटली तर थांबून बोल. भिशी सुटली म्हणजे मैत्री सुटली असं तिला वाटू नये, इतकं तुझ्या हातात आहे.

नवीन सुरुवात कुठून करावी असं विचारशील, म्हणून एक प्रश्न देते. माहेरून निघताना आई पिशवीत गुपचूप काय घालायची? तोही विचारण्याआधी जरा बघ, भिशीत कुणी आईविना वाढलेली असेल तर तिच्यासमोर नको. बाकी त्याचं उत्तर सगळ्याजणींकडं असतं.

आणि विचारणारीनं आधी सांगायचं म्हटलंय, तर माझं घे. माझी आई करडईच्या तेलाची बाटली घालायची, घरचं तिखट, शेंगदाण्याची चटणी, आणि सगळ्यात खाली जुन्या लुगड्याच्या चिंधीत गाठ मारलेल्या पाच रुपयांच्या दोन नोटा. वडिलांना माहीत नसायचं. मी ती गाठ एसटी फाट्याच्या पुढं गेल्यावरच सोडायची, त्याआधी कधी नाही.

तिच्याकडं जाऊन आलीस की तुझं कळव.

— मावशी